आडवा आठ

जाळीत निथळत ठेवलेलं दुधाच्या पातेल्याचं झाकण आपसूक घसरलं आणि खणकन ओट्यावर आपटलं.

एवढंच. पण अख्खी दुपार तिने ती शांतता ओंजळीतल्या पाण्यासारखी जपली होती. दाराच्या बेलची वायर काढून ठेवली होती, गळक्या नळाखाली फडकं घातलं होतं, स्वतः चवड्यांवर चालत होती. आणि आता हे झाकण! ना कुणी त्याला हात लावला, ना वाऱ्याने ढकललं. तिने मान वळवून आतल्या खोलीत पाहिलं. पलंगावर तिची लेक गोटी कूस बदलून, कापडी ससुल्याचा कान मुठीत धरून पुन्हा झोपली. हुश्श करून तिने मान टेबलाकडे वळवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

हातातल्या लेन्सच्या दोन नळ्या सुट्या झाल्या होत्या. एक डाव्या हातात, एक उजव्या. तिचे डोळे पलंगावर होते तेवढ्यात बोटांनी आपलं काम उरकून टाकलं होतं.

लेन्सच्या पोटात असतं काय, तर एकात एक बसणाऱ्या धातूच्या नळ्या, आटे पाडलेल्या. बाहेरची कडी फिरवली की आट्यांवरून आतली काच पुढे सरकते, मागे येते. सारा खेळ तेवढाच. लांबचं स्पष्ट हवं तर काच फिल्मच्या जवळ आणायची, जवळचं हवं तर फिल्मपासून दूर न्यायची. गोटीला तिने एकदा सांगितलं होतं, "पाहुणा दाराशी आला की काच पुढे होऊन बघते, पाहुणा लांब गेला की मागे येऊन बसते." त्यावर गोटीने विचारलं होतं, "काचेला पाय असतात?"

बाटलीचं झाकण कुठूनही लावा, बसतंच. या आट्यांचं तसं नसतं. इथे आटे सुरू व्हायच्या जागा पुष्कळ, दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी, आणि खरी त्यातली एकच. चुकीच्या जागेवरून नळी चढवली तरी ती लोण्यासारखी फिरते, जराही कुरकुर करत नाही, आणि काच मात्र भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहते. म्हणून मामांचा नियम होता: आटे सुटायच्या क्षणी घराला आग लागली तरी आधी दोन्ही नळ्यांवर सुईने एक रेघ ओढायची, मग पाणी शोधायला जायचं. दुकानात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हा नियम शिकवायचं काम तिच्याकडेच होतं. पहिल्याच दिवशी, हाताची घडी घालून, मोठ्या बाईचा आव आणून.

सुई तिच्या ओठांत होती. रेघ ओढायची राहिली होती.

"शहाणी!" ती स्वतःलाच म्हणाली. सुई ओठांतून काढून तिने टेबलाच्या फळीत खुपसली.

मामा तिचे मामा नव्हते, दुकानातले सगळेच त्यांना मामा म्हणत. कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. खिडकीजवळचं टेबल गोटीच्या जन्मापर्यंत तिचं होतं. नंतर तिने गोटीला दुकानाजवळच्या पाळणाघरात ठेवून पाहिलं. पोरगी इतकी रडली, इतकी रडली, की तिचा आवाजच बसला. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, सगळीच रडतात, सवय होते. गोटीला झाली असती, तिला स्वतःला झाली नाही. तिने टेबल सोडलं. मग गेलं वर्षभर मामांच्या मागे लागली होती: "घरी पाठवा ना काम. हात माझेच आहेत, टेबल कुठेही असलं म्हणून काय झालं?" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत. शेवटी काल सकाळी ते स्वतः आले, कापडात गुंडाळलेली ही लेन्स टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आतलं ग्रीस वाळून दगड झालंय, कडी फिरत नाही. गिऱ्हाईक परवा प्रवासाला निघणार. उद्या संध्याकाळी मी न्यायला येईन. ही झाली तर पुढच्या पाठवतो. नाही झाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, पोरी. माझ्या कानाला भोकं पडली."

तो 'उद्या' म्हणजे आज होता. आणि तिच्या हातात दोन सुट्या नळ्या होत्या.

बरं, रडून काय उपयोग. तिने दोन्ही नळ्या पेट्रोलमध्ये धुतल्या, दात घासायच्या ब्रशने आटा न् आटा साफ केला, नवीन ग्रीस नखभर घेऊन पातळ लावलं. मग अंदाजाने एक जागा धरून नळी चढवली, काचा बसवल्या, कडी बसवली आणि लेन्स तिच्या जुन्या कॅमेऱ्याला लावली. या कॅमेऱ्याचं मागचं झाकण तिने कधीच काढून टाकलं होतं. फिल्मच्या जागी पातळ ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला होता. लेन्स जे बघेल ते त्या कागदावर उलटं उमटायचं. कॅमेरा खिडकीत ठेवून तिने तो लांबच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे रोखला, डोक्यावरून काळी ओढणी घेतली, कागदाला भिंग लावलं आणि कडी थेट शेवटपर्यंत फिरवली, आडव्या आठावर.

कडीच्या टोकाला आडवा आठ कोरलेला असतो. म्हणजे इथून पुढे कितीही लांब असो, चंद्र असो की टाकी, सगळं इथेच स्पष्ट दिसायला हवं.

टाकी म्हणजे नुसता डाग होता. ओल्या कागदावर शाई सांडावी तसा.

तिने कडी उलटी फिरवली. खिडकीच्या कठड्यावरचा साबणाचा डबा लख्ख उमटला, त्यावरचा ओरखडासुद्धा मोजून घ्यावा. म्हणजे काच पुढेच अडकून बसली होती. जवळचं सगळं दिसत होतं, लांबचं जग तिच्या लेखी नव्हतंच.

"आई, तू भूत झालीस?"

ओढणीच्या आत तिने डोळे मिटले. गोटी उठली होती.

"भूत नाही गं. काम करतेय."

"झालं?"

"नाही झालं."

"आता झालं?"

"अगं माझे आई, आत्ता तर विचारलंस!"

दूध झालं. दुधावरची साय काढून झाली, कारण गोटीला साय दिसलेली चालत नसे. ससुल्यालाही खोटं खोटं दूध पाजून झालं. तिने पुन्हा लेन्स उघडली, नळी उतरवली, शेजारच्या जागेवरून चढवली, सगळं बसवलं, खिडकीशी गेली. या वेळी उलटंच. टाकी कडीच्या मध्यावर कुठेतरी स्पष्ट होऊन गेली आणि आडव्या आठापर्यंत जाईतो पुन्हा विरघळली. साबणाचा डबा तर काही केल्या उमटेना. काच आता फारच मागे, घरकोंबड्यासारखी आत बसलेली.

पुन्हा उघड. पुन्हा पूस. पुन्हा चढव.

दर वेळी बोटांना ग्रीस, दर वेळी हात पुसायचे, कारण ग्रीसचं बोट काचेला लागलं की वेगळंच दुखणं. आणि दर वेळी, नेमकी नळी तोंडाशी धरली की, शू लागायची, नाहीतर ससुल्याचा डोळा हरवायचा, नाहीतर खालच्या रस्त्यावर कुत्रा. "आई, कुत्रा बघ. आई, बघितलास? आई, तू बघितलाच नाहीस." कुठली जागा करून झाली आणि कुठली राहिली याचा तिला पत्ता लागेना. एकच चुकीची जागा तिने दोनदा चढवली, आणि दुसऱ्यांदाही टाकी तितकीच डाग निघाली, तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना.

मग तिने गोटीची पाटी ओढली. नळीच्या तोंडाचं गोल चित्र काढलं, सगळ्या जागा टिंबांनी दाखवल्या आणि करून झालेल्या टिंबांवर फुल्या मारल्या. असं पहिल्यापासून करायला हवं होतं. डोकं थाऱ्यावर असतं तर केलंही असतं.

"ही माझी पाटी आहे," गोटी म्हणाली.

"थोडा वेळ दे ना. आईला काम आहे."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे थोडा."

एक फुली वाढली. आणखी एक वाढली. ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं. टाकीवर अजून उजेड होता, पण तो पिवळा पडायला लागला होता. उजेड गेला की बघायचं कशात? आता मोजक्याच जागा उरल्या होत्या. ती भरभर आत गेली, हात धुतले, बाहेर आली.

पाटी कोरी होती. ओल्या बोळ्याने स्वच्छ, काळीभोर पुसलेली. मध्ये एक डोकं, डोक्यातूनच निघालेले दोन पाय.

"ही तू आहेस," गोटी म्हणाली. "भूत नाहीस. बघ, पाय काढलेत."

"पुसलंस? सगळं पुसलंस?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "काय सांगितलं होतं मी? एक गोष्ट, एक गोष्ट धड करू देशील का मला? सकाळपासून आई, आई, आई! जरा म्हणून जीवाला उसंत नाही! जा तिकडे. जा!"

गोटी गेली नाही. ती टेबलाखाली गेली.

"मी तुझ्याशी बोलणार नाही," मग टेबलाखालून आलं. "ससुल्यापण बोलणार नाही. त्याला तर मुळीच आवडत नाहीस तू."

ती खुर्चीत बसून राहिली. हात धुतलेले होते तरी ग्रीसचा वास येत होता. हीच ती घरी काम करायची हौस. वर्षभर मामांच्या कानाला भोकं पाडून मिळवलेली. खाली वाकून पोरीला जवळ घ्यावं असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी उजेड जातोय हेही वाटलं. दोन्ही एकाच जीवात, एकाच वेळी. तिने आधी नळी उचलली. हे तिला नंतर बराच वेळ आठवत राहणार होतं.

करून झालेल्या जागा आठवतील तेवढ्या वगळून तिने एक जागा धरली आणि नळी चढवली. डाग. दुसरी धरली. नळी फिरली, काचा बसल्या, कडी बसली. ओढणी, भिंग. तिने कडी आडव्या आठाकडे फिरवली. टाकी आधी डाग, मग ढग, मग तिला कड आली, आणि कडी जिथे टकदिशी थांबली तिथेच टाकीची शिडी, शिडीची प्रत्येक पायरी आणि टाकीवर बसलेला एक कावळा, उलटा, चोचीसकट.

तिने श्वास रोखून कडी दुसऱ्या टोकाला नेली. साबणाचा डबा, ओरखड्यासह. परत आठावर. कावळा.

"गोटी," ती ओढणीतून म्हणाली. "ए गोटी. उलटा कावळा बघायचाय?"

टेबलाखाली विचारविनिमय झाला.

"ससुल्या विचारतोय, खरा की खोटा?"

"खरा. चल, ये आत."

दोघी, खरं तर तिघं, एका ओढणीत शिरली. गोटीच्या केसांना झोपेचा आणि दुधाचा वास येत होता. तिने त्या केसांत नाक खुपसलं आणि हळूच म्हणाली, "आई ओरडली ना तुला?"

"हो," गोटी म्हणाली. माफी वगैरे भानगड तिला नकोच होती. "कावळा उलटा असून पडत का नाही?"

"कागदावर उलटा आहे, तिकडे सरळच आहे. थांब, तू फिरव कडी. हळू. हा बघ, इथे आठ आहे."

"हा आठ झोपलाय."

"हो, झोपलाय. म्हणून हळू."

गोटीने दोन्ही हातांनी कडी फिरवली. हात पुढून घालून, लेन्सला मिठी मारल्यासारखे. कावळा गेला, आला, गेला. तिने पोरीला हवं तितकं फिरवू दिलं. एवढं तरी तिचं देणं होतं.

मामा आले तेव्हा गोटीनेच दार उघडलं. मामांनी चपला काढल्या, चहा नको म्हणाले, मग तो अर्धा कप घेतला आणि खिडकीशी जाऊन ओढणी डोक्यावर घेतली. आतून हूं आलं. मग आणखी एक हूं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. परीक्षेच्या निकालाला इतका जीव टांगणीला लागला नव्हता.

"कडी कशी फिरतेय! लोणी आहे, लोणी," मामा बाहेर येत म्हणाले. "हात गेला नाही तुझा, पोरी. आठावर टाकी बोट ठेवल्यासारखी बसलीय."

"मग पुढच्या पाठवाल?"

मामांनी लेन्स काढली, उजेडात तिरकी धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय?"

पुढच्या काचेवर बोट उमटलं होतं. चिमुकलं, दुधट, त्याची रेघ न् रेघ मोजावी असं.

"कुणाचं?"

गोटीने शाळेत करतात तसा हात वर केला.

"पण मी आत्ताच पाहिलं," गोटीची आई म्हणाली. "कागदावर काहीच नव्हतं."

"नसणारच. विसरलीस? काचेला टेकलेलं कधी दिसतं का? लेन्सला टाकीवरचा कावळा दिसतो, स्वतःच्या नाकावरचं बोट नाही दिसत." त्यांनी काचेवर फुंकर मारली आणि खिशातल्या मऊ कापडाने ती गोल गोल पुसली. ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "काम चोख आहे. त्यात बोट ठेवायला जागा नाही. पण घरी नाही, पोरी. आज बोट आहे, उद्या खिळा असेल. वस्तू दुसऱ्याची असते. आटे काढताना रेघ ओढलीस?"

खोटं बोलता आलं असतं. "राहिली," ती म्हणाली. "झाकण पडलं."

"झाकण."

"पातेल्याचं."

"पातेल्याचं," मामांनी मान हलवली. मग आवाज खाली आणला. "खिडकीजवळचं टेबल अजून कुणाला दिलेलं नाही. येतेस तर ये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पूर्ण. पण आता जास्त थांबणार नाही मी. उद्या सांग."

"मामा, हिला तिथे... तुम्हाला माहितीये ना पाळणाघराचं."

"माहितीये. म्हणून तर इतके दिवस थांबलो." त्यांनी लेन्स कापडात गुंडाळली, गोटीच्या डोक्यावर टपली मारली आणि चपला घातल्या. "तुझा हात वाया जातोय, एवढंच मला दिसतं. बाकीचं तुझं तुला."

जमलं होतं. लेन्स झाली होती, मामांनी लोणी म्हटलं होतं, आणि हातात काय आलं, तर होतं तेच. तिला कशावर तरी आपटायचं होतं, दार, भांडं, काहीही. तिने पातेल्याचं ते झाकण उचललं, जाळीत नीट, सरळ खोचून ठेवलं, आणि कॅमेऱ्याला आपली जुनी लेन्स लावून टाकली.

"मला बघू दे! मामाआजोबा बघू दे!"

गोटी स्टुलावर चढली. ससुल्याला तिने खिडकीच्या कठड्यावर, बरोबर लेन्ससमोर बसवलं. रस्त्यावरून मामा चालले होते, काखेत कापडाची गुंडाळी. तिने कडी फिरवून मामांना स्पष्ट केलं.

"मामाआजोबा डोक्यावर चालतात!" गोटी खिदळली. मग म्हणाली, "माझा ससुल्या कुठाय?"

"तो काय, तो डाग."

"डाग नाहीये तो. त्याला नीट कर."

तिने कडी उलट फिरवली. ससुल्याचा कान आला, टाचलेला डोळा आला, शिवण उसवली होती तीही आली. रस्ता आणि मामा मिळून एक राखाडी ढग झाले.

"मामाआजोबा पुसले!"

"पुसले नाहीत. आहेत तिथेच. काच एका वेळी एकाकडेच नीट बघते."

"दोघं एकदम कर."

"दोघं एकदम..." तिने लेन्सच्या आतलं छिद्र बारीक करून पाहिलं. ससुल्या थोडा राहिला, मामाही थोडे आले, पण कागदावर इतका अंधार पसरला की दोघंही असून नसल्यासारखे. संध्याकाळचा उजेड त्याला पुरेसा नव्हता. तिने छिद्र पुन्हा मोठं केलं. "नाही होत बाळा. एक आणायचं तर दुसरं जातं."

गोटी कागदाकडे बघत राहिली. तिचा हात आईच्या हातावर होता आणि आईचा कडीवर. कोपऱ्यापाशी मामा वळायला आले होते.

"आई," ती म्हणाली, "मग कुणाला पुसायचं ते कोण ठरवतं?"